एकसष्टाव्या पानावरचे टाके

करंदीकरकाकूंनी पुस्तक न उघडताच परत माझ्या हातात ठेवलं.

"हे वाचलंय मी."

"नाही वाचलेलं, काकू. अकरावं पान बघा."

कपाळावरचा चष्मा खाली ओढून त्यांनी अकरावं पान काढलं. वरच्या कोपऱ्यात त्यांचं स्वस्तिक नव्हतं.

"असं होय. मग ती बोहल्यावरून पळून जाते ते कुठलं?"

"तशी दहा-बारा आहेत आपल्याकडे."

"मेल्या, मग तीच आण की," असं म्हणून त्यांनी पुस्तक ठेवून घेतलं आणि दार लोटलं. मी पिशवी सायकलला अडकवून पुढच्या दाराकडे निघालो.

तेव्हा, म्हणजे चौऱ्याऐंशी साली, मी सव्वीस वर्षांचा होतो. अण्णा पेठ्यांच्या फिरत्या वाचनालयाची पुस्तकं सायकलवरून घरोघर पोचवत होतो. गाव तालुक्याचं, कृष्णेच्या काठचं. बायका वाचनालयाची पायरी चढत नसत, म्हणून वाचनालय त्यांच्या पायरीशी जायचं. आळीला एक वार ठरलेला. एकदा वाचलेलं पुस्तक पुन्हा घरात येऊ नये म्हणून प्रत्येकीनं आपलं एक पान आणि एक खूण ठरवून ठेवलेली होती. काकूंचं अकरावं पान आणि स्वस्तिक. शाळेत शिकवणाऱ्या मुलाणीबाईंचा पंच्याऐंशीव्या पानावर पेन्सिलीचा ठिपका. गुळवणीआजी तर सरळ कुंकवाचं बोट टेकवायच्या. अण्णांना या खुणा बघवत नसत. खोडरबर देऊन ते मला खोडायला बसवायचे आणि मी खोडल्यासारखं करायचो. पुस्तक पिशवीत टाकण्याआधी त्या त्या बाईचं पान उघडून बघायचं, हीच माझी कामाची रीत होती. वाचायचो मात्र ओळसुद्धा नाही. हलवायाकडच्या गड्याला मिठाईचं काय कौतुक.

आई जाऊन दोन वर्षं झाली होती. वाचनालयाच्या मागच्या खोलीत राहायचो आणि खानावळीत जेवायचो. दिवसाला तीस उंबरे गाठायचो, पण आत या असं म्हणणारा त्यांतला एक नव्हता. तक्रार नाही करत. काम दारापर्यंतचंच होतं.

गुरुवारच्या आळीत शेवटाला शेवड्यांचं घर. शेवडे कोर्टात कारकून, गावात देवमाणूस म्हणून नाव. त्यांच्या घरी दार कधी पुरतं उघडलंच नाही. वीतभर फट व्हायची आणि त्यातून एक हात यायचा. अंगठ्याच्या मुळाशी तीळ असलेला. जुनं पुस्तक द्यायचा, नवं घ्यायचा. आतून सासूबाईंचा आवाज, "कोण आहे गं?" आणि दाराआडून उत्तर, "पुस्तकं." एवढंच. चेहरा मी कधी सबंध पाहिला नव्हता. शेवड्यांच्या बायकोचं नाव ज्योत्स्ना आहे हेसुद्धा मला वर्गणीच्या कार्डावरून कळलं, आणि बार्शीच्या भावाशी त्यांचं बोलणं नाही हे करंदीकरकाकूंच्या ओट्यावरून. त्यांचं पान एकसष्ट आणि खूण म्हणजे तीन तिरक्या बारीक रेघा, साडीच्या फॉलला घालतात तशा टाक्यांसारख्या.

त्या हाताला कधी फडकं गुंडाळलेलं असायचं. पहिल्यांदा मी विचारलं, तर "भाजलं" म्हणाल्या. पुढच्या महिन्यात मनगट सुजलेलं होतं. मी विचारलं नाही. तिसऱ्यांदा मी नजर दुसरीकडे वळवली. चांगलं केलं असं म्हणत नाही, जे केलं ते सांगतोय.

संक्रांतीच्या धामधुमीत माझ्या हातून चूक झाली. पान न बघताच मी त्यांना एक पुस्तक दिलं. 'धक्क्यावरचं घर', जाडजूड, चारशे पानी, मागं कापडी बांधणी. दुसरी कोणी असती तर दारातच फेकून दिलं असतं. पुढच्या गुरुवारी ते निमूट परत आलं. सवयीनं एकसष्टावं पान उघडलं, तर तिथं टाक्यांच्या दोन ओळी. एक जुनी, फिकट. तिच्याखाली एक ताजी निळी.

सात वर्षांत असं मी पाहिलं नव्हतं. खुणा होत्याच मुळी पुस्तक परत वाचायला लागू नये म्हणून. आणि ही बाई तेच पुन्हा वाचून वर पुन्हा खूण करते. काय आहे त्यात एवढं? त्या रविवारी मी खाटेवर आडवा होऊन पहिलं पान उघडलं. दुपारी खानावळ बंद झाली तरी मी उठलो नाही.

गोष्ट म्हटली तर साधी. कोकणातलं एक लहान गाव, खाडी, धक्का आणि धक्क्यावर एक घर. त्यात रेवती नावाची बाई दिराच्या धाकात राहते. नवरा समुद्रावर गेलेला परत आलेला नाही. तो बुडाला की बुडवला, हे कोणी बोलत नाही. गावात नवा पोस्टमास्तर येतो. त्याच्या हातून एक पत्र तिला पोचतं आणि कोड्याची एक-एक गाठ सुटत जाते. दीर तिच्यावर पाळत ठेवतो. आता पकडली जाते की काय, असं दर चार पानांनी व्हायचं आणि माझे पाय गार पडायचे. पोस्टमास्तर तिच्याशी जन्मात दहा वाक्यं बोलला असेल. पण तो तिकीट चिकटवतो तेसुद्धा वाचताना मला भरून यायचं. माणसाच्या आत इतकं बोलणं साठलेलं असतं, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. खोटं कशाला बोलू, मी त्या पुस्तकाच्या प्रेमात पडलो. जेवताना, सायकल मारताना, पंक्चर काढताना मी त्या धक्क्यावरच असायचो. आणि पोस्टमास्तरच्या जागी कोण दिसायचं ते सांगायला नको. तोही घरोघर फिरणारा, मीही घरोघर फिरणारा. रेवतीच्या अंगठ्याच्या मुळाशी तीळ असल्याचं पुस्तकात कुठं लिहिलेलं नव्हतं, मी आपला बघत होतो.

शेवटी रेवती गाव सोडते. रात्री नाही, भर दुपारी दोन वाजता, गाव वामकुक्षीला पडलेलं असताना. धुण्याचं गाठोडं काखेला मारून धक्क्यावर येते आणि तरीत बसते. पोस्टमास्तर बदली होऊन पलीकडच्या गावात गेलेला असतो. शेवटच्या पानावर त्याला तिचं पत्र येतं.

दोनच आठवड्यांनी दाराच्या फटीतून प्रश्न आला.

"ते धक्क्यावरचं घर परत मिळेल?"

"तुम्ही दोनदा वाचलंय ते."

मग आवाज आला, "तुम्ही माझं पान बघता?"

"सगळ्यांचीच बघतो. कामच आहे ते. पण मग मीही वाचलं. माझ्याकडेच आहे, पिशवीत."

फट आणखी दोन बोटं रुंद झाली. पहिल्यांदाच मला अर्धा चेहरा दिसला. डोळ्याखाली थकवा, पण डोळा मोठा सावध.

"सगळं वाचलंत?"

"चार दिवसांत. दोनदा जेवलो नाही."

त्या हसल्या असाव्यात. मग एकदम खालच्या आवाजात म्हणाल्या, "मग सांगा मला. तरीत बसते तेव्हा नावाड्यानं तिला ओळखलेलं असतं का?"

मला प्रश्नच कळला नाही. पोस्टमास्तरबद्दल विचारतील म्हणून मी तयार होतो. नावाड्याला त्या पुस्तकात धड नावसुद्धा नव्हतं.

"नसणार," मी म्हणालो. "ओळखलं असतं तर काहीतरी बोलला नसता का?"

"परत वाचा," त्या म्हणाल्या. "घाई नाही मला. वाचून मग द्या."

"कोण आहे गं इतका वेळ?" आतून सासूबाई.

"पुस्तकं," त्या म्हणाल्या आणि फट मिटली.

मी ते प्रकरण परत वाचलं, मग परत वाचलं. पाच पानांचं होतं. पहिल्यांदा मी ते धावत वाचलं होतं, कारण मला पोस्टमास्तरकडे पोचायचं होतं. आता सावकाश वाचताना दिसलं. नावाडी तिचं नाव विचारत नाही, गाव विचारत नाही. पलीकडे धुण्याला कोण जातं, असंही म्हणत नाही. एरवी उतारूंचं तोंड धक्क्याकडे असतं. तो तिला मात्र उलटं बसायला सांगतो, पलीकडच्या काठाकडे तोंड करून. आणि स्वतः धक्क्याकडे तोंड करून वल्हवत राहतो, कोणी येतंय का ते बघत. वीस माणसांच्या तरीत त्या दुपारी तो तिला एकटीला घेऊन निघतो आणि हाका मारणाऱ्या गिऱ्हाइकाकडे बघत नाही. ओळखलं होतं तर. पहिल्या क्षणी ओळखलं होतं.

मला इतका आनंद झाला की कोणाला तरी सांगावंसं वाटलं, आणि सांगायला एकच माणूस होतं जगात. दारात दोन वाक्यांत हे कसं बोलणार, सासूबाई आत. मग मी शहाणपणा केला. कागदाच्या चिटोऱ्यावर लिहिलं, 'ओळखलं होतं. मीही ओळखतो. र.' आणि एकसष्टाव्या पानात घालून गुरुवारी पुस्तक त्या हातात दिलं. इस्त्रीचा शर्ट घातला होता. मी खूण केली, की आत काही आहे. हातानं पुस्तक आत ओढलं. घरी येईपर्यंत माझ्या लक्षात आलं की आपण काय करून बसलोय. परक्याच्या बायकोला चिठ्ठी, तीही शेवड्यांच्या घरात, वर माझं अक्षर. नसती उठाठेव. दुसरं कोणी उघडलं तर माझं जे व्हायचं ते होईल, पण त्या हाताचं काय होईल? सहा दिवस मला अन्न गोड लागलं नाही.

बुधवारी स्टँडमागच्या आळीची पुस्तकं असायची. फाल्गुनातलं ऊन, दोनचा सुमार, स्टँडवर चार कुत्री आणि पाच-सात माणसं. निपाणी गाडी लागलेली. मी पाण्याच्या टाकीशी सायकल टेकवली आणि मान वर केली, तर खिडकीच्या गजावर एक हात होता. अंगठ्याच्या मुळाशी तीळ. डोक्यावरून पदर, मांडीवर चादरीत बांधलेलं धुण्याचं गाठोडं.

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. का तिसऱ्यांदा पाहिजे होतं ते पुस्तक, का दोनची वेळ, सगळं. आणि लगेच दुसरा विचार आला, तोही सांगून टाकतो. आता चढायचं. पिशवी इथंच टाकायची आणि गाडीत चढायचं. मला कोण विचारणार होतं मागं? खोलीत एक खाट आणि आईचा तांब्या. निपाणीत मी काहीही केलं असतं, हमाली केली असती. एक पाय मी उचललाही होता.

तेवढ्यात त्यांनी मला पाहिलं. त्या हसल्या नाहीत, हात हलवला नाही. नुसत्या बघत राहिल्या. त्या नजरेत 'ये' नव्हतं. मला वाटलं होतं तसलं काहीच नव्हतं त्यात. भीती होती. मी काय करतो याची भीती, माझी भीती.

"अरे रंगनाथ, बरा भेटलास," मागून आवाज आला. "कुणाकडे बघतोयस एवढा टक लावून?"

करंदीकरकाकू. त्यांची बहीण कराड गाडीनं यायची होती. काकूंचं घर शेवड्यांपासून चौथं. गावातली कुठलीही बातमी काकूंच्या ओट्यावरून पुढे जायची. त्या माझ्या नजरेच्या रोखानं वळायला लागल्या.

"काकू, इकडे या," मी म्हणालो. "तुमची चोरी पकडलीय मी."

"माझी? कसली चोरी?"

मी त्यांचा दंड धरला. जन्मात पहिल्यांदा. त्यांना फलाटाच्या टोकाच्या बाकावर नेऊन बसवलं, गाडीकडे पाठ करून. स्वतः समोर उभा राहिलो, गाडीकडे तोंड करून. पिशवी बाकावर उलटी केली. पंधरा-वीस पुस्तकं पडली.

"हे बघा अकरावं पान. स्वस्तिक. आणि परवा मला म्हणालात हे वाचलेलं नाही. अण्णा मला खायला उठलेत. म्हणतात, तूच खुणा करतोस."

"काय बोलतोस? आण बघू." चष्मा खाली आला. "हे माझंच आहे. पण हे मी कधी वाचलं?"

"आठवा. आणि हे? आणि हे?"

"थांब रे, एकेक दे."

काकू पानं उलटत होत्या. कंडक्टर चहा संपवून आला, दार आपटलं, घंटीची दोरी ओढली. गाडी मागं आली, वळली. खिडकी माझ्या समोरून गेली. मी तिकडे पाहिलं नाही. काकूंच्या डोक्यावरून रस्त्याकडे बघत राहिलो, कोणी येतंय का म्हणून. हात गजावर होता की नव्हता, तेही मला सांगता येणार नाही. धुरळा बसला.

"कुठली गाडी गेली रे?" काकूंनी मान न वळवता विचारलं.

"कोण जाणे. लक्ष नव्हतं."

गुरुवारी मी शेवड्यांच्या दारात उभा राहिलो तेव्हा दार सताड उघडं होतं. शेवडे स्वतः पुढं आले. कोर्टात गेले नव्हते.

"ये रंगनाथ. आत ये."

त्या घरात पाऊल टाकायची माझी ती पहिली वेळ. स्वच्छ घर, भिंतीला टेकून शिवणाचं मशीन, त्यावर अर्धवट फॉल लावलेली साडी. सासूबाई झोपाळ्यावर बसून होत्या. आणि शेवड्यांच्या हातात 'धक्क्यावरचं घर'.

"तुझ्या वहिनी बाहेर गेल्यात," ते शांतपणे म्हणाले. देवमाणसाचा आवाज. "न सांगता. कालपासून. गावात बोभाटा नको. तू समजूतदार आहेस. बुधवारी तू स्टँडकडे असतोस ना? दिसल्या का?"

"नाही, साहेब."

"नीट आठव."

"करंदीकरकाकूंबरोबर बसलो होतो, फलाटावर. त्यांना विचारा."

"पुस्तकांनीच डोकं फिरवलं तिचं," सासूबाई म्हणाल्या. "तरी मी सांगत होते."

शेवड्यांनी पुस्तक उलटं धरून झटकलं. तुळशीचं एक वाळलेलं पान गिरक्या घेत खाली आलं. आणखी काही नाही. त्यांनी पुन्हा झटकलं. मग मधलीच दोन पानं वाचून बघितली आणि कंटाळले.

"चारशे पानं. हेच वाचत बसायची रात्रंदिवस. तू वाचलंयस?"

"हो, साहेब."

"काय होतं यात शेवटी? त्या बाईचं?"

बाहेर कोणीतरी बादली ओढत होतं. मी त्यांच्या डोळ्यांत बघितलं.

"भावाकडे जाते," मी म्हणालो. "वर्षानुवर्षं बोलणं नसतं त्यांचं. पण शेवटी त्याच्याच दारात जाते. भाऊ तिला पोटाशी धरतो, तिथं संपतं."

शेवड्यांनी आईकडे पाहिलं.

"बार्शी," सासूबाई म्हणाल्या. "मी म्हणत नव्हते? भाऊ कितीही वाईट असला तरी."

"संध्याकाळच्या गाडीनं निघतो," शेवडे म्हणाले आणि ते पुस्तक माझ्या हातात कोंबलं. "घेऊन जा हे. पुन्हा या घरात पुस्तक आणू नकोस."

"बरं, साहेब."

नदीच्या घाटावर जाऊन बसलो. एकसष्टावं पान काढलं. टाक्यांची तिसरी ओळ होती, ओली वाटावी इतकी ताजी. माझी चिठ्ठी नव्हती. ती फाडून चुलीत घातली की बरोबर नेली, हे मला आजवर कळलेलं नाही. बरोबर नेली असं मी धरून चालतो. धरून चालायला काय जातं.

शेवडे बार्शीहून चौथ्या दिवशी हात हलवत आले. पुढं पुष्कळ शोधाशोध झाली, मग कमी झाली, मग त्यांनी दुसरं लग्न केलं. मी मूग गिळून राहिलो. काकूंना आपली स्मरणशक्ती गेली असं वाटायला लागलं आणि त्यांनी बदाम सुरू केले, तेवढं एक पाप माझ्या माथी आहे.

अण्णा गेले, वाचनालय बंद झालं, घरोघर टीव्ही आले. पुस्तकं रद्दीत गेली तेव्हा मी एकच मागून घेतलं. ते माझ्या खाटेखालच्या ट्रंकेत असतं. वर्षातून एकदा, फाल्गुनात, काढून वाचतो. वाचून झालं की एकसष्टाव्या पानावर, त्या तीन ओळींखाली, मीही एक बारीक रेघ ओढतो. आता पान भरत आलंय.

सुरुवातीची काही वर्षं पोस्टमन आळीत आला की मी दारात जाऊन उभा राहायचो. तो हसायचा, म्हणायचा, "कुणाची वाट बघता, रंगनाथभाऊ? तुमचं काही नाही." नंतर मी सोडून दिलं. पुस्तकात सगळं लिहिलेलं आहे. पत्र पोस्टमास्तरला येतं. नावाड्याला कोण पत्र घालतं?